नाव, द्रव्य आणि उपचार : ‘पॉयझन आयव्ही’च्या इतिहासातील काही टप्पे

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत, नदीकाठी आणि कुंपणांच्या कडेला ‘पॉयझन आयव्ही’ ही त्रिपर्णी वनस्पती विपुल उगवते. ती अंगास लागली असता बहुधा एकदोन दिवसांनी त्वचा लाल होते, असह्य खाज सुटते व फोड येतात. या पुरळावरील उपचारांचा इतिहास वैद्यकाचा विषय मानला जातो, व ते योग्यच होय. तथापि त्यात भाषाभ्यासकासही थोडे काम आहे. कारण त्या विषास ज्या काळी जे नाव मिळाले, त्याच्या मागोमाग उपचार गेलेला आढळतो.

प्रथम वनस्पतीचेच नाव पाहू. कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या 1624 सालच्या व्हर्जिनियाविषयक इतिहासग्रंथात बर्म्यूडा बेटांच्या वर्णनाच्या ओघात या ‘विषारी तणा’चा उल्लेख येतो. ते इंग्लंडातील आयव्हीसारखे दिसते, असे तेथे म्हटले आहे. 1635 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील वनस्पतींवरील ग्रंथात कॉर्न्यू यांनीही तिला त्रिदल आयव्हीच मानले. वास्तविक आयव्हीशी तिचे काहीच नाते नाही. ती आंबा, काजू व बिब्बा यांच्या कुळातील आहे. लिनियस यांनी 1753 साली तिला सुमॅकच्या प्रजातीत घातले, आणि तेव्हापासून शास्त्रज्ञांची वाट लोकभाषेहून निराळी झाली.

स्मिथ यांच्या नोंदीत एक गोष्ट फार मोलाची होती. हे फोड काही काळाने आपोआप जातात, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. पुढील तीन शतके औषधे सुचविणाऱ्यांना याचे विस्मरण झाले असावे. जो विकार दोनतीन आठवड्यांत स्वतःच शमतो, त्याच्या अखेरीस दिलेले कोणतेही औषध गुणकारी ठरते. तेरड्याच्या कुळातील ‘ज्युएलवीड’चा रस चोळण्याची प्रथा अमेरिकेत इतकी का रुजली, याचे उत्तर बहुधा येथेच आहे, नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत त्या रसाचा विशेष गुण दिसून आला नाही.

विष वाऱ्यातून येते, ही समजूत दीर्घकाळ टिकली. 1748 ते 1751 या काळात अमेरिकेत हिंडलेले स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ पेर काल्म यांनी विषारी सुमॅकविषयी लिहिताना त्याचा सर्वांना सारखाच त्रास होत नाही, हे नोंदविले. विष बाष्पात असेल तर हा भेद का व्हावा, याचा उलगडा मात्र त्या काळी होणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात फिलाडेल्फियाचे औषधशास्त्रज्ञ जॉन माइश यांनी या वनस्पतीतून एक बाष्पशील आम्ल काढले व तेच तिचे विष होय असे मानले. विष ‘आम्ल’ ठरताच त्यावर अल्क धर्माची द्रावणे लावणे सयुक्तिक वाटू लागले. ‘शुगर ऑफ लेड’ हे गोड नाव धारण करणारे शिशाचे लवणही फोडांवर लावले जाई. शिसे स्वतःच विष आहे हे ध्यानी घेता रोगापेक्षा उपचारच भयंकर होता, असे म्हणावयास हरकत नाही.

1897 साली हार्वर्डचे फ्रांट्स फाफ यांनी दाखविले की हे विष आम्ल नसून न उडणारे तेल आहे. या एका शब्दाने सर्व चित्र पालटले. तेल वाऱ्याने येत नाही, त्यासाठी स्पर्श हवा. तो कपडे, अवजारे किंवा कुत्र्याच्या केसांवाटेही घडतो. (वनस्पती जाळल्यास धुराबरोबर त्याचे कण उडतात व श्वसनमार्गास गंभीर इजा करतात, जुन्या बाष्पवादात तेवढे तथ्य होते.) तेल धुता येते, मात्र ते त्वचेत लवकर मुरत असल्यामुळे साबण व भरपूर पाणी पहिल्या काही मिनिटांतच वापरले पाहिजे.

याच तेलास पुढे मिळालेले ‘उरुशिओल’ हे नाव ‘उरुशी’ या लाखेच्या जपानी नावावरून आले आहे. जपानी लाखकामगारांनाही असेच पुरळ येते, आणि त्या लाखेची रासायनिक रचना रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत उलगडली. विसाव्या शतकातच हेही कळले की तेल स्वतः त्वचा जाळीत नाही. शरीराची प्रतिकारव्यवस्था त्यास ओळखून त्वचेवर उलटते. काल्म यांच्या कोड्याचे उत्तर हेच. फोडांतील पाण्यात हे तेल नसते, म्हणून त्याने रोग पसरत नाही. 1952 साली सुल्झबर्गर व विटेन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचा त्वचेवरील उपयोग प्रसिद्ध केला. पुरळ तीव्र व विस्तृत असेल तर आज पोटातून स्टेरॉइड देतात, पण ते दोनतीन आठवडे हळूहळू कमी करीत न्यावे लागते. आधीच थांबविल्यास पुरळ उलटते.

मराठी वाचकास हे सारे दूरचे वाटू नये. ‘बिब्बा उतणे’ हा प्रयोग आपल्याकडे घरोघरी ज्ञात आहे, आणि ‘बिब्बा घालणे’ या वाक्प्रचारात त्या फळाची अपकीर्ती आजही जिवंत आहे. 1943 साली भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांना सैनिकांच्या अंगावर चमत्कारिक ठिकाणी पुरळ आढळले. कपडे ओळखता यावेत म्हणून धोबी त्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत, आणि ती खूण जेथे त्वचेस टेकत असे नेमके तेथेच फोड उठत. त्या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात छापले तेव्हा त्यास ‘धोबी’ हाच शब्द जोडला.