‘नाहीच आले उत्तर, तर?’

सरांनी फळ्यावर न्यूटनची रीत मांडली आणि म्हणाले, ‘करत राहा, उत्तर येईल.’ मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘आणि नाहीच आले, तर?’ वर्ग हसला. मीही हसलो. हा प्रश्न गणितज्ञांना पावणेतीनशे वर्षे पुरला होता, हे मला फार उशिरा कळले.

न्यूटनने १६६९ मध्ये एक उदाहरण घेतले. अशी संख्या शोधा, की तिच्या घनातून तिची दुप्पट आणि ५ वजा केले की शून्य उरेल. त्याने अंदाज धरला २. तो सुधारल्यावर २.१ आले, पुन्हा सुधारल्यावर २.०९४६, आणि तिसऱ्या फेरीत २.०९४५५१. पुढे रॅफसन आणि सिम्पसन यांनी रीतीला आजचे रूप दिले.

पण ५ वजा करण्याऐवजी २ मिळवून पाहा. अंदाज ० धरला तर पुढचा १ येतो आणि १ वरून परत ०! घाण्याच्या बैलासारख्या शंभर फेऱ्या मारा, खरे उत्तर तिकडे उणे १.७७ च्या आसपास बसलेले.

विसाव्या शतकात अडचण वाढली. शोधायची ती आता एक संख्या नव्हती; तापलेल्या पत्र्यावर जागोजागी किती तापमान, असा अख्खा आलेखच हवा होता. प्रत्येक फेरीत अंतर ठरावीक पटीने घटत असेल तर अशा जगातही उत्तर असते आणि ते एकच असते, हे पोलंडच्या स्टेफान बानाख यांनी १९२२ मध्ये छापलेल्या प्रबंधात दाखवले.

न्यूटनच्या रीतीला तिथे हमी दिली लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच यांनी, १९४८ मध्ये. प्लायवूड कारखान्यातली कामे यंत्रांना कशी वाटावीत, याचेही गणित त्यांनी केले होते. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्या वाटेने आले. त्यांची कसोटीही तशीच व्यवहारी. निघतानाच तीन गोष्टी मोजायच्या: पहिले पाऊल किती लांब पडते, तिथला उतार किती मंद आहे आणि तो किती झपाट्याने बदलतो. तिन्हींचा गुणाकार अर्ध्याच्या आत असला की निर्धास्त निघा. न्यूटनच्या २ साठी तो ०.१३ भरतो, आपल्या बैलाच्या शून्यासाठी ३. उत्तर आहे की नाही हेसुद्धा आधी ठाऊक लागत नाही, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. कसोटीत नापास झालात तरी उत्तर कदाचित मिळेल. हमी तेवढी नाही.

हे मी वाचले एम.एस्सी.ला. मागच्या बाकावरचा तो मित्र तोवर बँकेत लागला होता.