बाटलीवरचे नाव : लाल त्रिकोणापासून घरच्या लेबलापर्यंत

१/ बिअरच्या बाटलीवर चिकटवलेला कागद म्हणजे नेमके काय? जाहिरात, सही, की जबाबदारीची कबुली? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. हा इतिहास कारखान्यात सुरू होतो आणि घरच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो. #थ्रेड #इतिहास

२/ इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे १७७७ मध्ये विल्यम बास याने बिअरचा कारखाना काढला. पुढे या गावाची फिकट रंगाची 'पेल एल' हिंदुस्थानातील बंदरांतही उतरू लागली. बिअर बहुतेक वेळा पिंपांतून रवाना होई आणि ती बाटल्यांत भरण्याचे काम अनेकदा दुसरेच व्यापारी करत.

३/ भेसळीला आणि नकलेला वाव होता तो इथेच. बिअर एकाची, बाटली दुसऱ्याची; गिऱ्हाइकाच्या हाती खूण एकच, बाहेरचे लेबल. डब्लिनच्या गिनेसने १८६२ मध्ये हार्प या तंतुवाद्याचे चित्र असलेले लेबल आणले. अशा लेबलांवर बाटल्या भरणाऱ्याचेही नाव छापले जाई. माल बिघडला तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यावरून कळे.

४/ ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदणी ठरली आणि १ जानेवारी १८७६ रोजी ती सुरू झाली. पहिला क्रमांक मिळाला बासच्या लाल त्रिकोणाला. दुसराही बासच्याच लाल चौकटीला. त्यासाठी बासचा एक कर्मचारी आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दाराशी थांबला होता, अशी आख्यायिका आहे.

५/ हा त्रिकोण चित्रकलेतही शिरला. एदुआर माने याने १८८२ मध्ये पॅरिसमधील 'फोली-बेर्जेर'च्या मद्यगृहाचे चित्र पूर्ण केले. त्यात संगमरवरी फळीवर बासच्या बाटल्या स्पष्ट ओळखू येतात. डावीकडच्या एका बाटलीच्या लेबलावर तर मानेने स्वतःचीच सही केली आहे.

६/ या चित्राच्या दोनच वर्षे आधी, १८८० मध्ये, ग्लॅडस्टनच्या सरकारने माल्टवरील कर काढून तो तयार बिअरवर बसवला आणि घरच्यापुरती बिअर करणाऱ्यांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. चारच वर्षांपूर्वी ज्या राज्याने कारखान्याच्या नावाला संरक्षण दिले, त्यानेच आता घरच्या पिंपावर नजर ठेवली. ही परवानापद्धती १९६३ मध्ये रद्द झाली.

७/ अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये उठली. त्यानंतर घरगुती वाइनला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. घरगुती बिअर मात्र बेकायदाच राहिली. लोक ती करतच होते, पण गुन्ह्याच्या पुराव्यावर स्वतःचे नाव कोण चिकटवणार?

८/ ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर करण्याची मुभा मिळाली. विक्रीला मनाई कायम होती. राज्यांचे कायदे वेगळे होते : अलाबामा आणि मिसिसिपी यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

९/ आता घरच्या बाटलीवर उघडपणे लेबल येऊ शकत होते. त्यावर असते बिअरचे नाव, प्रकार आणि बाटलीत भरल्याची तारीख. गोंदाऐवजी पुष्कळ जण कागदाला मागून दुधाचा हात फिरवतात. दुधातील केसीन वाळले की कागद काचेला धरून राहतो आणि भिजवल्यावर सुटतो, त्यामुळे बाटली पुन्हा वापरता येते. परत आलेल्या बाटल्या धुणाऱ्या कारखान्यांनीही याच कारणासाठी केसीनचा गोंद वापरला.

१०/ यात एक विसंगती होती. १९३५ च्या अमेरिकी कायद्याने बिअरच्या लेबलावर मद्यार्काचे प्रमाण छापण्यास कंपन्यांना मनाई केली होती. राज्याच्या कायद्यानेच तसे बंधन घातले असेल तर गोष्ट वेगळी. कंपन्यांत 'कोणाची अधिक कडक' अशी चढाओढ लागेल, ही भीती त्यामागे होती. कूर्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही मनाई रद्द केली. तोवर बलाढ्य कंपनीला जो आकडा छापता येत नव्हता, तो घरी बिअर करणारा पेन्सिलीने खुशाल लिहू शकत होता.

११/ कारखान्याच्या लेबलामागे नोंदणी, खटले आणि दंड उभे असतात. घरच्या लेबलावर खोटे लिहिले तर ते बहुधा न्यायालयापर्यंत जातही नाही. पण ती बाटली मित्राच्या हातात जाणार असते. नाव लिहिणारा आणि विश्वास ठेवणारा एकमेकांना ओळखत असतात. बाटली भरणारा आणि पिणारा अनोळखी झाले, तेव्हाच तर लाल त्रिकोणाची गरज पडली होती.