चौकशी पिशवीची, उत्तर बालपणात

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय जड आहे.

जून २०१९. आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. गावाकडच्या भाषेत, 'पिशवी काढली'. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची माहिती गोळा झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे साधारण सहातली एक!

आता तुम्ही म्हणाल, याचा मुलांच्या संरक्षणाशी काय संबंध? सांगतो.

ऊसतोडीत मजूर मोजतात 'कोयत्या'वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एक दिवस काम बुडलं की खाडा, म्हणजे पैसे कापले. पाळी असो नाहीतर पोटदुखी, खाडा तो खाडाच. मग पिशवी काढणं सोपं वाटायला लागतं.

आता थोडं मागे जाऊ. कोयत्याला जोडी लागते, म्हणून पोरांची लग्नं लवकर. आईबाप पाच-सहा महिने फडावर, मग वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? तिचंही लग्न लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली. राज्यात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास.

चौकशीमुळे शस्त्रक्रियेआधी परवानगी आली, स्थलांतराआधी तपासणीचा विषय आला. हे हवंच होतं. पण हे नियम बाईपर्यंत पोचतात तेव्हा तिचं लग्न होऊन दहा-बारा वर्षं झालेली असतात. पंधरा वर्षांच्या पोरीला लागतं ते वसतिगृह. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. आई फडावर असताना पोरगी शाळेत राहू शकते, ती अशा छपराखाली.

म्हणून पुढच्या वेळी 'समिती नेमली' अशी बातमी आली, की एवढंच विचारा: हिचं उत्तर पोरीच्या कितव्या वर्षी पोचणार?

आणि हो, आसपास बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ वर फोन करा. गावात ग्रामसेवकालाही तो थांबवण्याचा अधिकार आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.