पाळ राखणारे हात

वैनगंगेच्या पूर्वेस, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. जवळच कोक्याचे जंगल, सभोवार धानाच्या बांध्या आणि परिसरात ठिकठिकाणी जुने तलाव. शासनाच्या दफ्तरात त्यांची नोंद 'माजी मालगुजारी तलाव' अशी आहे. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत.

निसर्गाची राखण करणाऱ्या कामांना आज 'हरित रोजगार' म्हणतात. बेटावरच्या वस्तीला प्रत्येक कामासाठी बाहेरचा कारागीर बोलावणे परवडत नाही. म्हणून आपल्याच मुलामुलींना अशी कामे शिकवावीत, हा विचार अनेक देशांत मूळ धरतो आहे. विचार चांगला आहे. पण असे कामकरी आपल्याकडे पूर्वी होते, आणि ते का नाहीसे झाले हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यासाठी भंडाऱ्याचे तलाव आणि गोव्याची बेटे यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा, असे आम्हांस वाटते.

भंडाऱ्याचे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. एका गोंड राजाने या लोकांना काशीहून आणले, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे काही असो, जमिनीचा उतार नजरेने मापण्याची त्यांची विद्या मात्र खरी होती. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तेथे मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला वाट म्हणून सांडवा काढायचा आणि शेतात पाणी सोडण्यासाठी तुडूम बसवायचा, अशी ही रचना. वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाई. धान आणि ऊस या पाण्यावर पिकत. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. पुढे लोकांनी त्याला 'कोलासूर' म्हणून देवपण दिले आणि पाळीवर त्याचे ठाणे केले.

बांधणे एकदाच होते, राखणे मात्र दरसाल. पाळीला पडलेले बीळ पावसाआधी बुजवावे लागे, पाट साफ करावे लागत, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे हे ठरवावे लागे. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकत. तलाव खोल होई आणि शेताला खत मिळे. ढिवर समाजाचे लोक मासे धरत; कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. इंग्रजी अमलात गावाचे हक्क आणि चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहिल्या गेल्या. तलावाच्या पाण्यावरचा हक्कही त्यातलाच.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजार हा गावाचा धनी होता. वेठ होती, जातीची उतरंड होती, पाळ बांधणाऱ्या साऱ्याच हातांना जमीन लाभली नव्हती. म्हणून तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने कायदा करून 1951 मध्ये मालगुजारी संपवली, हे न्यायाचेच झाले. तलाव सरकारच्या मालकीचे झाले. परंतु मालकी बदलताना एक प्रश्न मागे राहिला: आता पाळ कोण राखणार? शेतकऱ्यांचा पाण्यावरचा हक्क जुना, त्यामुळे पाणीपट्टीचे उत्पन्न तोकडे. उत्पन्न नाही म्हणून दुरुस्तीला पैसा तोकडा. गाळ साचला, तुडूम निकामी झाले, पात्रात बेशरमाची झुडपे माजली. मासेमारी सहकारी संस्थांकडे आली, पण तलावांत कटला, रोहू यांचे बीज सोडण्यावरच भर राहिला आणि स्थानिक मासे मागे पडले.

आता गोव्याकडे वळू. मांडवीच्या मुखाजवळ दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. आपल्या वाचकांना ती तेथील चर्चमुळे आणि फेस्तांमुळे ठाऊक असतील. तेथील सखल भातशेतीला 'खाजन' म्हणतात. ही शेते भरतीच्या पातळीखाली असल्याने खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवावे लागते. बांधाला लाकडी दारांची 'मानस' असते. भरतीच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर जाऊ देतात. खारे पाणी सोसणारे 'कोरगुट' भात येथलेच. ही सारी व्यवस्था गावकरीकडे होती. तिच्या रूढी अफोन्सो मेशिया याने 1526 मध्ये 'फोराल'मध्ये नोंदवल्या, म्हणजे त्या पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या होत. शेत कसणाऱ्यांच्या 'बोंस' नावाच्या संघाकडे बांधांची निगा असे. बांधाला भगदाड पडले की रात्री-अपरात्री माणसे धावत, कारण एका रात्रीचे खारे पाणी पुढची कित्येक पिके नेई.

येथेही सर्वांना समान स्थान नव्हते. गावकर आणि बाहेरचा यांत भेद होता. 1961 साली गोवा मुक्त झाला. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, तेही योग्यच. बांधांची जबाबदारी मग कुळांच्या संघांकडे गेली. पण अनेक ठिकाणी हे संघ कागदावर उरले. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव भातापेक्षा किफायतशीर ठरला, काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले आणि शेते पडीक झाली.

गोडे पाणी आणि खारे पाणी, पण धडा एकच. दोन्हीकडे हक्काची वाटणी झाली, कामाची झाली नाही. राखणाऱ्याला नेमणारा, त्याला मोबदला देणारा आणि त्याच्याकडून जाब घेणारा कोणी उरला नाही, तेव्हा त्याची विद्याही त्याच्या मुलांपर्यंत पोहोचली नाही.

तरीही ही वाट बंद झालेली नाही. मनीष राजनकर यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या माध्यमातून पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवर मच्छीमारांना सोबत घेतले आणि गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही तलाव पुन्हा जिवंत केले. बेशरम उपटायचे, उन्हाळ्यात कोरडे पात्र नांगरायचे, देशी पाणवनस्पती लावायच्या आणि त्या रुजेपर्यंत जपायच्या, असे हे काम. वनस्पती आल्या, त्यांच्यामागे स्थानिक मासे आले, पक्षीही आले. या कामात ढिवर स्त्रिया पुढे आल्या. पूर्वी ज्यांना पाळीवरच्या निर्णयात जागा नव्हती, त्या ग्रामसभेत तलावाविषयी बोलू लागल्या. जुनी विद्या येथे जुन्या विषमतेवाचून परत आली, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

करडीच्या तरुणांना हरित कामे शिकवायची झाली तर पहिला गुरू बहुधा गावातच भेटेल: पाळ कोठे झिरपते हे जाणणारा एखादा म्हातारा, मासा कोठे अंडी घालतो हे जाणणारी एखादी ढिवरीण. पण केवळ शिकवून भागणार नाही. शिकलेल्या हाताला दरसालचे काम, रोख मजुरी आणि तलावावर बोलण्याचा अधिकार गावाने द्यायला हवा. आपल्या प्रत्येक गावात एखादी बावखल, विहीर किंवा बांध असतो. तो यंदाच्या पावसाआधी कोण राखणार आहे, एवढे जरी आपण एकमेकांना विचारले तरी आरंभ होईल.