लोणारचे खारे पाणी

सहलीचा विषय निघाला की आपल्या मंडळात वेरूळचे नाव पहिले येते. दरवर्षी कोणी तरी भगिनी विचारतेच, “या लेण्यांतली आपोआप झालेली कोणती?” एकही नाही. चुनखडीच्या मुलखात पावसाचे पाणी खडक विरघळवीत आत शिरते आणि हजारो वर्षांत गुहा होते. बस्तरची कुटुमसर गुहा तशी आहे. आपला काळा पाषाण असा विरघळत नाही. म्हणून येथे माणसाला छिन्नी घ्यावी लागली.

पण निसर्गाची करणी पाहायची तर आपल्या बजाजनगरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. याच काळ्या पाषाणात पडलेला, जवळजवळ दोन किलोमीटर रुंद, वाटोळा खळगा. आत येणाऱ्या पाण्याला बाहेर वाट नाही. झरे व पाऊस खडकातले क्षार आणतात, ऊन पाणी नेते, क्षार मागे राहतो. चुनखडीत पाणी खडक घेऊन जाते. येथे ते आणलेले सारे ठेवून जाते.

हा क्षार पूर्वी लोणारचे धन होता. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, काच व साबणाचे साहित्य येथे मिळते अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की खार गोळा करीत. त्याच्या जातींना दल्ला, पापडी, खुप्पल अशी नावे होती. आपण पापडात घालतो तो खारही याच कुळातला!

हा खळगा झाला कसा? पुराण सांगते, लोणासुर येथे जमिनीखाली दडला होता. विष्णूने सुंदर रूप घेऊन त्याच्या बहिणींकडूनच ठिकाण काढून घेतले आणि पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडविले. (बहिणींचे पुढे काय झाले, ते कोणी सांगत नाही.) १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद घेतली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख मानले जाई. उल्कापाताचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने उलगडा केला. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारात जगणारे रंगीत सूक्ष्मजीव माजले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. मात्र गावचे सांडपाणी तळ्यात उतरते, ही तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. गोडे पाणी फार शिरले तर खार पातळ होईल आणि त्यावर जगणारी ही सृष्टी जाईल. असे दुसरे तळे आपल्याकडे नाही.

काठावर कमळजादेवीचे देऊळ आहे. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’. निम्मे पाणी गोड, निम्मे खारट असे सांगतात. तळे चढले की ती बुडते. गोडे पाणी सासूचे की सुनेचे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावे.