जमिनीतलं मीठ

बायांनो, मीठ आपण अंदाजाने घालतो. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त झालं की भाजी गेली. जमिनीचंही तसंच आहे, फक्त तिथे अंदाज चालत नाही.

आपण पांढुर्णा-सौंसरचे लोक मुक्तागिरीला दर्शनाला जातो. मुक्तागिरी ज्या भैंसदेही तालुक्यात आहे, तिथूनच पूर्णा नदी निघते. खाली अमरावती, अकोला, बुलढाण्यात तिच्या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरी खारट, पावसात पाय रुतेल असा चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. तिथलं मीठ निसर्गाचंच.

नीरेच्या खोऱ्यात मात्र ते माणसाने वर आणलं. 1885 च्या सुमारास कालवा आला, मागून ऊस आला. पाणी मुरत राहिलं, निचरा नव्हता, आणि खालचं मीठ वर चढलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी त्या जमिनी तपासून 1910 साली अहवाल छापला.

आता माती पाण्यात कालवून त्यातून वीज किती वाहते ते पाहतात. मीठ जास्त, तर वीज जास्त. पण सोडियमचं दुखणं निराळं. तो चिकणमातीचे कण सुटे करतो, छिद्रं बुजतात, पाणी वरच साचतं. मातीला चिकटलेल्या क्षारांत सोडियम शेकडा 15 च्या वर गेला तर जमीन चोपण, असं 1954 साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने ठरवलं. पूर्णेच्या काळ्या मातीत त्याहून कमी सोडियमनेही निचरा बिघडलेला आढळला. आपलीही माती काळीच आहे.

आमच्या संत्र्याच्या बागेला बोअरचं पाणी आहे. संत्र्याला खारं सोसत नाही. 2015 पासून माती परीक्षणाचं कार्ड मिळतं, त्यात बारा गोष्टी असतात; सामू आणि क्षारता आहे, सोडियम नाही. म्हणून मी घरी म्हटलं, ‘‘माती दिली तशी पाण्याची बाटलीही तपासायला द्या, आणि सोडियम वेगळा मागा.’’ वेळीच कळलं तर जिप्सम आहे, चर खणता येतात. झाडं वाळल्यावर कळून काय उपयोग?

आपल्या शास्त्रात माती आणि मीठ दोन्ही पृथ्वीकाय, म्हणजे जीवच. पर्युषणात आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. जिच्यावर घर चालतं, तिला काय होतंय हे वर्षातून एकदा विचारायला नको का?