दिनविशेष : १ जुलै
वसंतराव नाईक जयंती

१९१३ : पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक यांचा जन्म. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर व्यापार करणे हा या समाजाचा पिढीजात धंदा. रेल्वे आली, लदेणी म्हणजे बैलांवरची ही मालवाहतूक बसली आणि तांडे शेतीकडे वळले. वकील झालेले नाईक १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये आमदार आणि डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. ११ वर्षांहून अधिक काळ ते या पदावर होते. संकरित ज्वारीचा प्रसार, रोजगार हमी योजना आणि परभणीचे कृषी विद्यापीठ ही त्या काळाची देणगी. त्यांचा जन्मदिन राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो.